काळजी करतील म्हणून

रोह्यात कॉलेज नाही असं नाही. चांगलं आहे, घरापासून चालत जाण्यासारखं आहे. तरी ताजुन्निसाने प्रवेश घेतला तो पेणला, आणि सकाळच्या गाडीने, गाडी चुकली तर एसटीने हाडं खिळखिळी करून घेत, ती रोज तिकडे जाऊ लागली. याचं कारण बाहेरच्या माणसाला वेडगळ वाटेल, पण तिच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही बाईला लगेच पटेल. रोह्याच्या कॉलेजच्या फाटकात ती शिरली असती तर दुपारच्या जेवणाआधी ती बातमी कुवेतला पोचली असती. तिच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. इथे कुणाची कोंबडी मेली तर तिथे शेजारच्या खोलीतला माणूस विचारतो, काय झालं होतं तिला.

आणि कुवेतमध्ये सुलेमान होता. तिचा नवरा. त्याला तिने कॉलेजबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

सुलेमान वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नवरा परदेशी आणि बायको चोरून शिकतेय म्हटलं की वाचणारे लगेच बाह्या सरसावतात. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता. त्याने फक्त काळजी केली असती. हायवे खणून ठेवलाय, गाड्या वेळेवर नसतात, अम्मा घरी एकटी, तिचे गुडघे, ताजूचं ब्लडप्रेशर. आता तिकडे भरगच्च खोलीत लोखंडी पलंगावर पडून माणूस काळजी करतो म्हणजे काय करतो? काही करू शकत नाही, नुसता झुरतो. म्हणून या घरांमधून एक नियम कधीपासून चालत आलाय: बाहेर असलेल्या माणसाला चिंतेची गोष्ट कळवायची नाही. सासऱ्यांचं अर्धं अंग गेलं, ते फोनवर ‘जरा अशक्तपणा’ होतं. वादळात घराचे पत्रे उडून शेजारच्या विहिरीत पडले, तेव्हा ‘थोडा वारा होता’. खुशनुमाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, डेंग्यू झाला तो पार बरा झाल्यावर ‘मागे जरा ताप येऊन गेला’ असा कळवला. यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटत नाही. याला माया म्हणतात. असेलही माया, पण तिचा व्याप फार होतो.

खुशनुमा लग्न होऊन कोलाडला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. ताजुन्निसाचं शिक्षण बारावीनंतर लग्नापायी थांबलेलं. मुलीनेच मोबाइलवरून आईचा प्रवेश करून टाकला. अम्माला, म्हणजे सासूला, सांगणं भाग होतं, कारण सकाळचा दुसरा चहा आता तिचा तिलाच करून घ्यावा लागणार होता. अम्मा म्हणाली, “जा की. पण सुलेमानला नको सांगू गो, काळजी करंल.”

झालं. आधी ठरलं की महिनाभर जमतंय का ते बघू आणि सांगू. मग पहिली परीक्षा होऊ दे. मग निकाल. निकाल चांगला लागला तर म्हणे आता एवढे दिवस नाही सांगितलं ते कसं सांगायचं. शुक्रवारी त्याची सुट्टी, त्या दिवशी त्याचा फोन यायचा, आणि नेमके शुक्रवारी तिचे सगळ्यात जास्त तास. तेव्हा ती फोन कापायची आणि नंतर सांगायची, रेंज नव्हती. तोही हल्ली व्हिडिओवर फारसा येत नसे. तिकडेही रेंज नसायची. एवढ्या श्रीमंत देशात रेंज का नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही.

पहिल्या वर्षाला ‘वक्तृत्व आणि संवाद’ नावाचा एक विषय सगळ्यांच्या माथी मारलेला होता. बोलायला कसलं शिकायचं, असं ताजुन्निसाला वाटलं. आपल्या मोहल्ल्यात मुकं असं कोण आहे? शिकवायला अनिता मॅडम होत्या, खुशनुमाच्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र आणि हातात तो लाल ठिपका पाडणारा पेन. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला उभं करून स्वतःविषयी चार वाक्यं बोलायला लावलं. ताजुन्निसा उठली आणि अशा आवाजात बोलली की शिपाई दारात येऊन डोकावून गेला. शिवाय एक वाक्य बोलायची आणि थांबायची. दुसरं बोलायची आणि थांबायची. पोरं खाली मान घालून हसायला लागली. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, ताई, आठवत नाहीये का?

आठवत होतं सगळं. ती वाट बघत होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याशी तिचं जे काही बोलणं झालं होतं, त्यातलं बहुतेक फोनवर झालं होतं, आणि तेही पूर्वीच्या त्या फोनवर, ज्यात आपला आवाज समुद्र ओलांडून जायचा, तिकडून ‘हं’ यायचा, आणि मगच पुढचं बोलायचं. नाहीतर दोघांचे शब्द मधेच एकमेकांवर आदळायचे. वर्गात कुणी ‘हं’ म्हणेना, म्हणून ती खोळंबली होती. हे असं कुणाला समजावून सांगणार? ती खाली बसली आणि दिवसभर स्वतःवर चिडत राहिली.

पुढे मॅडमनी ‘माझी आवडती जागा’ यावर बोलायला लावलं. ताजुन्निसाने आधी सगळ्यांना सलाम केला, सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना विचारलं, हवा कशी आहे ते सांगितलं, मग आपल्या घरून त्या जागेकडे निघण्याआधी काय काय आवरावं लागतं तिथपर्यंत आली आणि घंटा झाली. मॅडम म्हणाल्या, छान, आत्मविश्वास आहे, पण मुद्दा राहिला. ती म्हणाली, येतच होता.

खरी फजिती झाली ती ‘अप्रिय गोष्ट कशी सांगावी’ या धड्याला. मॅडमनी जोड्या लावल्या. तिच्या वाट्याला निलेश आला, पेणजवळच्या जिते गावाच्या बाजूचा, खाडीकाठच्या वस्तीतला. त्याच्या घरचे मिठागरावर कामाला. खेळ असा होता: तुम्ही मित्राची नवी मोटरसायकल मागून नेली आणि पाडली, आता ते त्याला सांगा. ताजुन्निसा पाडणारी, निलेश मालक. तिने सुरुवात केली मित्राच्या आईपासून. आईची चौकशी झाली, बहिणीच्या सासरची झाली. मग मोटरसायकलची स्तुती. मग रस्ते किती वाईट आहेत ते. निलेशने जांभई दिली. शेवटी ती म्हणाली, बाकी सगळं ठीक हाय, गाडीला जरासं खरचटलंय. मॅडमनी विचारलं, ताई, गाडीचं चाक निखळलंय असं दिलंय ना? ती म्हणाली, हो, पण ते एकदम कसं सांगायचं.

मग निलेशची पाळी. तो म्हणाला, “गाडी पाडली. चाक गेला. मी बरा हाय. आता काय शिव्या द्यायच्यात त्या दे.” आणि खाली बसला.

वर्ग हसला. ताजुन्निसाला मात्र ते फार उद्धट वाटलं, आणि तसं तिने मधल्या सुट्टीत त्याला सुनावलंही. घरात असंच बोलतात का तुझ्या? निलेश वडापाव खात होता. तो म्हणाला, “मावशी, आमच्याकडं बांधावरून हाका मारायच्या असतात. वारा असतो. पहिला शब्द पोचतो, बाकीचे खाडीत जातात. तब्येत विचारत बसलो तर बांध फुटून पाणी घरात.” एवढं बोलून त्याने दुसरा वडापाव मागवला.

ती नाक मुरडून निघून आली, पण परतीच्या गाडीत कासू गेलं, नागोठणं गेलं, तरी ते डोक्यातून जाईना. त्याच संध्याकाळी तिने ठरवलं की आता सुलेमानला सांगून टाकायचं. समोरासमोर नको, फोनवर नको; आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. घरामागच्या पायरीवर बसून तिने बोलायला सुरुवात केली. अम्माचे गुडघे आता बरे आहेत. आंब्याला मोहोर चांगला आलाय. शेजाऱ्यांच्या सुलेखाचं ठरलं. पाण्याची मोटर दुरुस्त केली. असं करत करत एकदाची ती कॉलेजवर आली, आणि ते सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की तिलाच ऐकू येईना. तरी सांगितलं. पाठवून दिलं. रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी उत्तर आलं: माशाअल्लाह, मोहोर आला ऐकून बरं वाटलं.

एवढंच. आधी तिला वाटलं, माणूस रागावलाय. मग लक्षात आलं. सगळेच पुरुष बायकांचे लांबलचक आवाज दुप्पट वेगाने लावतात आणि मोहोरापर्यंत ऐकून बंद करतात. त्याने शेवट ऐकलाच नव्हता. संताप आला तिला, आणि संताप कुणावर काढायचा तेही कळेना. कारण शेवटी ठेवायला सांगितलं होतं कुणी?

त्यातच ईदनंतर सुलेमानने कळवलं की तो एप्रिलमध्ये सुट्टीवर येतोय. तारीख सांगितली. ताजुन्निसाने ती वहीतल्या वेळापत्रकाशी ताडून बघितली. त्याच दिवशी वक्तृत्वाची तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकाने वर्गासमोर भाषण करायचं, आणि गैरहजर तो नापास. पुन्हा संधी पुढच्या वर्षी. ती अनिता मॅडमकडे गेली, तारीख बदला म्हणून. मॅडम म्हणाल्या, परीक्षकांनी आधीच दोनदा तारीख बदलली आहे, आता काही होणार नाही. कारण काय आहे? ताजुन्निसा म्हणाली, नवरा येतोय. मागे उभ्या असलेल्या पोरी फिस्सकन हसल्या. मॅडम म्हणाल्या, मग त्यांना सांगा ना, परीक्षा आहे.

सांगा ना. किती सोपं. आखातातून माणूस घरी येतो तेव्हा गाडी वळणावर दिसताच गल्लीतल्या खिडक्या उघडतात. खोकी उतरतात. भाचे-पुतणे धावतात. आणि उंबऱ्यात बायको उभी हवी. ती नसली तर पहिला प्रश्न तो विचारणार नाही, गल्ली विचारणार. खुशनुमाकडे गेलेय म्हणावं तर पोरीला खोटं बोलायला लावायचं. दवाखान्यात म्हणावं तर झालीच सुरू काळजी. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. वर्षभर हेच चाललं होतं आणि तिला त्याचा आता वीट आला होता. आपल्याच नवऱ्याला आपण रोज सकाळी कुठे जातो ते सांगायला या वयात घाम फुटावा, याची तिला मनस्वी चीड आली.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर त्याचा फोन आला तेव्हा ती पेण स्टेशनवर बाकावर बसली होती. या वेळी तिने कापला नाही. सुलेमानने सलाम केला, अम्मा कशी आहे विचारलं. एरवी इथून अर्धा तास गेला असता. ताजुन्निसाने श्वास घेतला.

“मी कॉलेजात जाते. पेणला. गेल्या जूनपासून. तुम्ही येणार त्या दिवशी माझी परीक्षा हाय, मी घरी नसणार.”

फोन कट झाला की काय म्हणून तिने पडद्याकडे बघितलं. चालू होता. मग सुलेमानचा आवाज आला, आणि तो आवाज तिने आजवर ऐकलेला नव्हता.

“अम्माला काय झालं?”

ती म्हणाली, अम्माला काही नाही झालं, मी कॉलेजबद्दल बोलतेय. तो म्हणाला, हे कॉलेज-बिलेज असू दे, तू आता खरं काय ते सांग. ती म्हणाली, हेच खरं आहे. तो ऐकेना. बरोबरच होतं त्याचं. त्यांच्या घरात पहिलं वाक्य कधी बातमीचं नसायचंच. पहिलं वाक्य म्हणजे उशी, डोकं त्यावर टेकलं की मग घाव. नुसती उशीच एवढी जड, तर पुढे काय असेल? त्याने खुशनुमाचं विचारलं. जावयाचं विचारलं. घराला आग लागली का विचारलं. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, “ताजू, अम्मा गेली का गं?”

“अरे जिवंत हाय ती,” ताजुन्निसा ओरडली. लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी ‘अरे’ म्हटलं नव्हतं. फलाटावरच्या भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. “आत्ता चहा पीत बसली असेल. तिलाच फोन लावा आणि विचारा.”

त्याने खरोखर फोन ठेवला. ती बाकावर धुमसत बसून राहिली. सरळ सांगा म्हणे. सरळ सांगितल्यावर समोरचा माणूस मयताची तयारी करतो, हे त्या लाल ठिपक्याच्या धड्यात कुठे होतं?

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. अम्मा बरी हाय, तो म्हणाला. चहाच पितेय. मग तो म्हणाला की आता तू सांगितलंस तर मीही एक सांगतो. आणि त्यानेही पहिल्यांदाच मोहोर, मोटर, गुडघे असं काही मधे न घालता सांगितलं. सुट्टीवर नाही येत. कायमचा येतोय. कंपनी गेल्या पावसाळ्यातच बंद झाली. तेव्हापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे रोह्याचं कुणी फिरकत नाही, ओळखीच्या एकाच्या दुकानात माल लावायचं काम करत होता, त्याच्याच मागच्या खोलीत राहत होता. म्हणून व्हिडिओ नाही. ती खोली तिला दिसू नये म्हणून.

एवढे महिने एकटा माणूस खोकी उचलतोय, आणि आपण इकडे त्याला मोहोर ऐकवतोय. शेवटी तिने विचारलं, का नाही सांगितलंत?

“काळजी करशील म्हणून.”

गाडी आली. ती म्हणाली, गाडी आली, ठेवते. आणि गाडीत बसल्यावर रोह्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून ती त्याला, स्वतःला आणि ज्याने कुणी हा नियम घातला त्याला मनातल्या मनात शिव्या देत राहिली.

परीक्षेच्या दिवशी तिने ‘दूरच्या माणसाशी बोलणे’ हा विषय घेतला होता. परीक्षक घामाघूम झालेले गृहस्थ होते; तिच्याआधी ओळीने बऱ्याच जणांनी हायवेचे खड्डे हाच विषय घेतल्यामुळे त्यांचा चेहरा पडलेला होता. तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं की दूरच्या माणसापासून वाईट बातमी लपवली की चांगली बातमीही त्याला खरी वाटेनाशी होते. परीक्षकांनी मान वर केली. तिथून पुढे तिचं बरं चाललं होतं, आणि मग मधेच सगळं पुसलं गेलं. कोरं. परीक्षकांना वाटलं संपलं, ते टाळ्या वाजवायला लागले. “थांबा, अजून हाय,” ती म्हणाली. मागून निलेश मोठ्याने म्हणाला, “बोल गो मावशी.” मॅडमनी त्याच्याकडे डोळे वटारले. तिने कसंबसं शेपूट जोडलं आणि खाली बसली.

बाहेर आली तर फाटकाशी टॅक्सी उभी. विमानतळावरून रोह्याला जाताना पेण वाटेतच लागतं. भाचे नाहीत, पुतणे नाहीत, दोनच बॅगा. सुलेमान गाडीला टेकून उभा होता. वाळला होता. केस रंगवायचे सोडले होते. दोघांनी एकमेकांना नीट बघून घेतलं, आणि मग त्याने विचारलं, “कशी झाली परीक्षा?”

“मधे अडकले,” ती म्हणाली. “चांगली नाय झाली. पास होईन पण.”

तो जरा वेळ वाट बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “एवढंच ना? दुसरं काय नाय ना?”

तिने कपाळाला हात लावला आणि गाडीत बसली. वडखळ येईपर्यंत ते भांडले. वडखळला चहा प्यायले. नागोठण्यापर्यंत ठरवलं की कायमचं आल्याचं अम्माला आज लगेच नको सांगायला, दोन दिवस जाऊ देत. आणि नागोठणं गेल्यावर ताजुन्निसा म्हणाली की नाही, आजच, दारातच, पहिल्या वाक्यात.

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. अम्मा उंबऱ्यात उभी होती. मुलाच्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर तिने त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं. कपाट अख्खं रिकामं करून, पुसून, कागद अंथरून ठेवलं होतं. सुलेमानचा जुना टेबल माळ्यावरून खाली काढलेला. ताजुन्निसा ते बघत राहिली. महिन्याच्या सुट्टीला आलेल्या माणसासाठी कुणी कपाट रिकामं करत नाही. त्याची बॅग खुर्चीवर राहते.

“अम्मा,” ती म्हणाली, “तुला कसं माहीत हे कायमचे आले ते?”

अम्मा पलंगावर बसली, गुडघे चोळत. म्हणाली की त्यानेच सांगितलं होतं, पावसाळ्यातच, कंपनी गेली त्या आठवड्यात. म्हणाला, ताजूला नको सांगू. आणि तुझं कॉलेज तू सांगितलंस, मी म्हटलं त्याला नको सांगू, तूही म्हणालीस, हो, त्यांना नको सांगायला. दोघांनीही नको म्हटलं, मी नाही सांगितलं. रोज एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याचं गिळायचं; पोट फुगलं माझं.

सुलेमान आणि ताजुन्निसा एकमेकांकडे बघायला लागले. म्हणजे वर्षभर सगळा गाव, सगळा समुद्र मधे घालून ही दोघं एकमेकांपासून जे लपवत होती, ते एकाच म्हातारीच्या डाव्या आणि उजव्या कानात जमा होत होतं. ताजुन्निसाला हसू येईना आणि रडूही येईना. ती खाली फरशीवर बसली, पर्स बाजूला टाकली आणि म्हणाली, “अम्मा, अजून काय असेल तर आत्ता सांग. एका दमात. आधी मुख्य, मग बाकीचं.”

अम्माने जरा विचार केला. सुनेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

“खुशनुमाला दिवस गेलेत,” ती म्हणाली. “चौथा चाललाय. तुझी परीक्षा होईस्तोवर सांगू नको म्हणाली, तू काळजी करशील म्हणून.”

ताजुन्निसा उठली. ओढणी पुन्हा डोक्यावरून घेतली, पर्स उचलली आणि नवऱ्याला म्हणाली की बॅगा नंतर उघडा, टॅक्सीवाला अजून गल्लीच्या तोंडाशीच असेल, त्याला थांबवा. आपल्याला कोलाडला जायचंय.